लेझरची पल्स संपल्यावर रेणू परत विस्कटतात का?

तुमचं म्हणणं असं की लेझरने रेणू एका रेषेत आणतात हे ठीक, पण पल्स (म्हणजे लेझरचा क्षणभराचा झोत) संपली की ते विस्कटणारच, मग उपयोग काय. विस्कटतात हे बरोबर, पण ते परत जुळतात आणि तेही लेझर बंद असताना, मला यातलं सगळ्यात भारी तेच वाटतं.

आधी वळतात कसे ते सांगतो. नायट्रोजनचा रेणू म्हणजे दोन अणूंची दांडी समजा. लेझरच्या विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन थोडे सरकतात, लांबीच्या बाजूने जास्त आणि आडवे कमी, म्हणून दांडी पोलरायझेशनच्या, म्हणजे ते क्षेत्र ज्या रेषेत डोलतं त्या दिशेला ओढली जाते. क्षेत्र सतत उलटसुलट होत असतं पण सरकलेले इलेक्ट्रॉनही त्याच्यासोबत उलटतात त्यामुळे ओढ तीच राहते, फक्त रेष जुळते, टोक कुठलं कुठे ते ठरत नाही.

पल्स असते १०० फेमटोसेकंदांची वगैरे (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), तेवढ्यात प्रकाशसुद्धा ०.०३ मिमीच जातो, म्हणजे रेणूला नुसता झटका बसतो आणि तो वळतो ते पल्स गेल्यावर. मग पांगापांग. आता शिवाजी पार्कला संध्याकाळी कट्ट्याला फेऱ्या मारणारे आठवा, सगळे एकाच गेटपासून एकदम निघाले तर पाच मिनिटांत इकडेतिकडे होतील. पण प्रत्येकाचा वेग एका हळू चालणाऱ्या आजोबांच्या बरोबर तिप्पट, पाचपट, सातपट असा असेल तर? आजोबांची एक फेरी झाली की सगळे परत गेटवर! रेणूंचं तेच, क्वांटमच्या नियमाने फिरण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, मनाला येईल तो वेग घेता येत नाही. नायट्रोजनची ही फेरी ८.४ पिकोसेकंदांची (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद), ऑक्सिजनची ११.६.

एमएस्सीला असताना कुलाब्याच्या एका लॅबमध्ये मी हे पाहिलंय. पहिली पल्स रेणूंना झटका देते, दुसरी ते किती जुळलेत ते मोजते. दुसरी पल्स उशिरा पोचावी म्हणून तिच्या वाटेतला आरसा मायक्रोमीटर स्क्रूने मागे घ्यायचा, प्रकाश जाऊन परत येतो म्हणून ८.४ पिकोसेकंदांसाठी सव्वा मिलिमीटर पुरतो. स्क्रीनवर बराच वेळ जवळपास सपाट रेष, साधारण निम्म्यावर एक उसळी (आजोबांच्या अर्ध्या फेरीला सगळे गेटच्या बरोबर समोर एकत्र येतील तशी), परत सपाट, आणि सव्वा मिलिमीटर भरले तशी रेष पुन्हा उसळली. साध्या हवेत! त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

फिरायची दिशाही ठरवता येते, रेणू जुळलेले असताना ४५ अंश तिरक्या पोलरायझेशनची दुसरी पल्स मारली की बहुतेक एकाच बाजूला फिरायला लागतात. कॅनडातल्या ऑटावाच्या शास्त्रज्ञांनी २००० साली पोलरायझेशनच गरगर फिरवत नेलं, वेग वाढवत वाढवत, तर क्लोरीनचे रेणू इतके फिरले की बंधच तुटला.

आणि उपयोगाचं म्हणाल तर लेझर नसताना जुळलेला रेणू मोजता येतो हाच, कारण लेझर चालू असेल तर तो मोजमापात लुडबुड करतो. २००४ मध्ये ऑटावालाच नायट्रोजनचे रेणू असे वेगवेगळ्या कोनांत जुळवून, सीटी स्कॅनसारखं, त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटलचं, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे सापडू शकतो त्या ढगाच्या आकाराचं, चित्र काढलं होतं.