लिस्बनला जहाज नऊ तास थांबणार आहे: बसने बेलेंला जावं की पायी फिरावं?

तुमचं जहाज सकाळी आठला लिस्बनला लागतंय, संध्याकाळी पाचला सुटतंय. सोबत ६८ वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात, आणि जहाजावरून बेलेंची बस टूर घ्यावी की पायी फिरावं असा प्रश्न आहे. मी याच धक्क्यावर दोनदा उतरले आहे, दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन. पायीच फिरा. बेलें हा शहराचा भाग सुंदर आहे, पण धक्क्यापासून सात-आठ किलोमीटर लांब. तिथल्या मठाच्या रांगेत आणि बसच्या ये-जा करण्यात अर्धा दिवस जातो. आणि इकडे अल्फामा ही शहरातली सर्वांत जुनी वस्ती धक्क्यासमोरचा रस्ता ओलांडला की सुरू होते.

फक्त एक करा. पहिल्यांदा आम्ही खालून वर चढत गेलो आणि पायऱ्यांनी अकरा वाजेपर्यंत सगळ्यांना थकवलं. सासूबाईंसोबत गेले तेव्हा धक्क्यावरूनच टॅक्सी करून आधी टेकडीवर गेलो आणि मग दिवसभर उतरत राहिलो. उतारही गुडघ्यांना सोपा नसतो, म्हणून काठी असेल तर न्याच. तिथले फुटपाथ छोट्या चुनखडीच्या दगडांचे असतात, पावलांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. पाऊस पडून गेला होता तेव्हा मी कॅथेड्रलजवळ सपशेल आपटले होते. रबरी तळव्याचे बूट हवेतच.

टॅक्सीवाल्याला साँ व्हिसेंत द फोरा मठ सांगा. तिकीट काढून आत जा. वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची ३८ चित्रं आहेत, फ्रेंच कवी ला फॉन्तेनच्या प्राणिकथांची. पण मी आत जा म्हणते ते पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्यांसाठी. तिथे कॅथरीन ऑफ ब्रागांझा आहे. १६६१ च्या विवाह कराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली, ती हिच्याच लग्नात. मी दादरची आहे. त्या समाधीपुढे किती वेळ उभी राहिले ते मला कळलं नाही. मग गच्चीवर जा, खाली तेजू नदी आणि तुमचं जहाज दोन्ही दिसतात. मंगळवार किंवा शनिवार असेल तर मठामागे जुना बाजार भरतो, अर्धा तास तिथे द्या.

तिथून चालत पोर्ताश दु सोल आणि शेजारच्या सांता लुझिया चर्चच्या सज्जांवर या. सगळे नदीचे फोटो काढत असतात. तुम्ही चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचं टाइल्सचं चित्र बघा. त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक आहे, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाआधीचा. भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आग, यांत तो राजवाडा गेला. हे चित्र डोळ्यांत ठेवून कॅथेड्रलवरून खाली उतरा आणि त्याच चौकात, म्हणजे प्रासा दु कॉमेर्सियुत, पोहोचा. जुनी माणसं आजही त्याला ‘तेरैरु दु पासु’, राजवाड्याचं मैदान, म्हणतात. वाकड्या बोळांतून आलेल्या पायांना इथे अचानक सरळ, काटकोनात आखलेले रस्ते लागतात. हा सगळा भाग राजाचा मंत्री पोंबाल याने भूकंपानंतर नव्याने उभा केला. पुढच्या भूकंपात इमारती टिकाव्यात म्हणून भिंतींच्या आत लाकडी पिंजरे बसवले. आईंना नदीकाठच्या दोन खांबांपाशी बसवा आणि तुम्ही रुआ आउगुस्ता या दुकानांच्या रस्त्याचा एक फेरा मारून या. सांता जुश्ता या जुन्या लोखंडी लिफ्टच्या रांगेत उभ्या राहू नका, बाहेरून बघितली तरी पुरे. २८ नंबरची ट्रामही सोडा, उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंचं ते आवडतं ठिकाण.

आई शाकाहारी असतील तर ‘सोपा द लेगुमेश’ म्हणजे भाज्यांचं सूप मागा, पण ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नको, हे सांगाच, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सॉसेजचे काप असतात. आईंना दुकानांच्या पाट्या वाचून दाखवा. पाव, बटाटा, चावी, बादली हे शब्द आपल्याकडे इथूनच आले. सासूबाई तर प्रत्येक दुकानापुढे थांबत होत्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं. आमचं जहाज स्पेनहून आलं होतं आणि जहाजावर स्पेनचीच वेळ चालू होती. फोनने मात्र किनाऱ्यावर आपोआप पोर्तुगालची वेळ धरली. मी निवांत कॉफी पीत होते आणि नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून धावत सुटलो, शिडी काढायला दहा मिनिटं उरली होती. तेव्हा उतरताना जहाजाची वेळ विचारा, एक साधं घड्याळ त्या वेळेवर लावा, आणि परतायची शेवटची वेळ छापील कागदावर बघा. ती सुटायच्या वेळेच्या बरीच आधी असते.

चौकातून धक्क्यापर्यंत सपाट रस्त्याने वीस मिनिटं लागतात, आईंच्या चालीने अर्धा तास धरा. वाटेत डाव्या हाताला टोकदार दगडांनी मढवलेली इमारत दिसेल, काझा दुश बिकुश. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने ती बांधली. तिथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही, पण धक्क्यापर्यंत तिथून अजून चालायचं असतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.