मे महिन्यात बेळगावला सुट्टीला येतोय. त्याच मुक्कामात प्लॉटचा व्यवहार उरकावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून मुलांना घेऊन आजोळी, बेळगावला येणार, मुलांना इथल्या सुट्टीतलं काय दाखवावं, आणि आलाच आहात तर येळ्ळूर रस्त्याकडचा एक प्लॉट बघून इसार देऊन टाकावा का. प्लॉट जरूर बघा. इसार मात्र त्या मुक्कामात देऊ नका.

आधी सुट्टीचं. आमच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि मे संपता संपता उघडतात. पुण्या-मुंबईची पोरं येतात तोवर इथल्या पोरांची निम्मी सुट्टी उडालेली असते. जमलं तर परीक्षा संपल्या संपल्या या, म्हणजे शिवजयंती सापडेल. तुमच्याकडे सरकारी शिवजयंती 19 फेब्रुवारीला होऊन जाते, बेळगावात मात्र परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया, तीच बसवजयंती. तिथी कधी एप्रिलमध्ये येते, कधी मेमध्ये, तेव्हा तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर बघा.

चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर एक-दोन दिवसांत, रात्रीची. नरगुंदकर भावे चौकातून सुरू होते आणि शेवटची मंडळं घरी जाईपर्यंत उजाडलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे असतात. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाकडे असतंच. गंमत बघायची तर ट्रॉली थांबलेली असताना बघा. चिकटवलेल्या मिश्या सावरत मावळे पाण्याचे पाऊच फोडतात, खानसाहेब ट्रॉलीच्या कडेला बसून भजी खातात, आणि शिट्टी वाजली की पुन्हा सगळे आपापल्या जागी लढाईला उभे. लहान मुलांना संध्याकाळी झोपवून घ्या आणि अकराच्या सुमारास बाहेर काढा. गाडी नेऊ नका, गल्ल्या बंद असतात.

एखाद्या गावात महालक्ष्मीची यात्रा लागली असेल तर नशीबच. काही गावांत ती बऱ्याच वर्षांनी एकदा भरते. गावाच्या सगळ्या माहेरवाशिणी येतात आणि ओळखीपाळखीच्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. यात्रेच्या आधी घराघरात रंग, नवी फरशी, जमलं तर वर स्लॅब, आणि त्यापायी सोसायटीचं कर्ज. हे मी टीका म्हणून सांगत नाही, आमच्या घरीही तेच चालतं. बाकी खानापूर-जांबोटीकडची करवंदं, जांभळं, फणस बाजारात येतातच. आणि मुलांना गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकवा. त्या विहिरीचं काम पुढे परत आहे.

आता प्लॉट. अक्षय तृतीयेचा मुहूर्त आणि बाहेरगावचा माणूस सुट्टीला आलेला, एजंटाला आणखी काय हवं? ‘साहेब, चार दिवसांत जाणार म्हणता, आज नाही बोललात तर उद्या दुसरी पार्टी आहे.’ ही दुसरी पार्टी मी अनेक वर्षं ऐकतोय, पाहिलेली नाही. दर वाढलेत हे खरं. गोव्यातले लोक घ्यायला येतात, मिलिटरीतून रिटायर झालेले आमचेच लोक फंडाचा पैसा घालतात, आणि रिंग रोड-बायपासच्या नुसत्या बातमीवर रस्त्याकडेच्या जमिनी फिरतात. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडतायत, आणि त्याच पट्ट्याच्या आसपास प्लॉटच्या जाहिराती लागतात. ही बाजू मला खुपते, पण तुम्ही ती विचारलेली नाही.

वडगाव, शहापूर, येळ्ळूर हा बासमतीचा पट्टा. मे महिन्यात तिथे जाल तेव्हा काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्यांना दगड रोवलेले, आणि बांधावरच्या काठीला झेंडा. बघायला एकदम सपाट, छान. त्याच जागी जुलैत या. बळ्ळारी नाला फुगला की या शिवारात पाणी दिवसेंदिवस उभं राहतं आणि लावलेलं भात कुजतं. एजंटाला विचारू नका, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की पाणी कुठवर येतं. तो हाताने दाखवतो, कंबरेइतकं की गुडघ्याइतकं. भर घातलेली असेल तर किती घातली तेही कळतं. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, तो खर्च प्लॉटच्या किमतीत कुणी सांगत नाही.

उन्हाळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण नव्या लेआउटपर्यंत नळ पोचलाय का हे गल्लीतल्या बायकांना विचारा. टँकर किती दिवसांनी येतो, बोअर मेमध्ये चालते का, आणि पोरं पोहतात त्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्यात, एवढ्यावरून बराच अंदाज येतो.

कागद सगळे कन्नडमध्ये असतात. नीट कन्नड वाचणारा, आणि व्यवहारात ज्याचं काही कमिशन नाही असा माणूस शेजारी बसवा. जमिनीच्या उताऱ्यात (तुमच्याकडच्या सातबारासारखा) 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, 11 मध्ये बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आणि इतर हक्क. रि.स.नं., म्हणजे सर्व्हे नंबर, जुळवून घ्या. शेतजमिनीचा तुकडा असेल तर अकरा-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा, लागतो. एनए, म्हणजे बिनशेती, झालीय म्हणाले तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघा, आणि लेआउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी वेगळी मागा, कारण एनए म्हणजे लेआउट मंजूर असं नव्हे. नुसत्या स्टँप पेपरवर, बाँडवर, लिहून दिलेला गुंठा स्वस्त पडतो, पण खरेदीपत्राशिवाय तो तुमचा होत नाही, आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. शहरातल्या मिळकतीला आता ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, लागतो. बी-खाता दाखवत असतील तर लेआउट मंजूर नव्हता हे समजून भाव करा. बोजा प्रमाणपत्र कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर तुम्ही पुण्यात बसून काढू शकता, एजंटाच्या झेरॉक्सवर जाऊ नका. वाटणी न झालेल्या जमिनीत बहिणींच्या सह्या आहेत का, हे तर पहिल्यांदा विचारा. यात्रेला हसत आलेली आत्या पुढे कोर्टात भेटते.

खर्चाचा हिशोब पुण्यासारखा धरू नका. कर्नाटकात मुद्रांक शुल्क 5 टक्के, सेस-सरचार्ज धरून शहरात 5.6, आणि ऑगस्ट 2025 अखेरपासून नोंदणी शुल्क 1 वरून 2 टक्के झालंय. म्हणजे 40 लाखांच्या प्लॉटला 3,04,000 रुपये वर, तेही सरकारी मूल्यांकन जास्त असेल तर त्यावर. बायकोच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात 1 टक्का सवलत मिळते, तशी इथे नाही.

राहायलाच यायचं असेल आणि घाई असेल, तर टिळकवाडी-हिंदवाडीकडे किंवा अनगोळात जुनं घर किंवा फ्लॅट बघा. सीटीएस (सिटी सर्व्हेचा) उतारा निघतो, नळ असतो, पावसात रस्ता कसा होतो ते शेजारी सांगतात. महाग पडेल. नाहीतर येळ्ळूर रस्त्याच्या त्या प्लॉटसाठी जुलैच्या मध्यात एक रविवार काढा, गमबूट आणा, आणि आधी मला कळवा, नाल्याकडचा रस्ता चालू आहे का ते सांगतो.