२ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली जुनी गाडी दुरुस्त करत राहावी, की परवडणारी नवी सेदान घ्यावी?

तुमची गाडी २०१२ सालची, डिझेल, रनिंग २ लाख ४० हजार. आणखी ४० हजार रुपये घातले की ती तीन वर्षे जाईल, असे मेकॅनिक म्हणतो. घरात वयस्कर आई-वडील आणि दोन मुले आहेत, ऑन-रोड १० लाखांच्या आसपास बजेट आहे आणि तुमचे काका म्हणतात की इंजिन ठणठणीत असताना गाडी विकायचे कारण काय. काकांचे हे वाक्य तुम्ही प्रश्नात लिहिले नसते, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला सहा वर्षे ऐकवले आहे.

गाडी विका. आता कारण सांगतो.

आमची डिझेल सेदान वडिलांनी २०११ मध्ये निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून घेतली होती. २०१८ मध्ये ते गेल्यावर फॉर्म ३१ भरून ती माझ्या नावावर झाली आणि पुण्यात माझ्याकडे आली. खर्च माझा, पार्किंग माझे, पण तिच्याविषयीचा शेवटचा शब्द कराडला राहणाऱ्या दादाचा, असा एक न बोललेला करार आमच्यात होता. मार्च २०२३ मध्ये मला एक्स्चेंजमध्ये तिचे २ लाख ५ हजार मिळत होते. दादा म्हणाला, ‘इंजिन अजून उघडलेलेसुद्धा नाही, बाबांची गाडी भंगाराच्या भावात देतोस?’ मी गप्प बसलो आणि हिशेबाची एक वही घातली. पुढच्या चौदा महिन्यांत त्या वहीत टर्बोचे २१,५००, शॉकअप, लोअर आर्म आणि बुश मिळून १६,८०० आणि एसीच्या कूलिंग कॉइलचे ८,२०० रुपये लागले. इंजिन मात्र खरोखरच उघडावे लागले नाही, हे दादाच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवतो.

मे २०२४ मध्ये आम्ही पाच जण कराडला निघालो होतो. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावा लागायचा, परतताना बोगदा मिळायचा, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. चढावर एका ट्रकमागे वेग कमी झाला, मी गाडी दुसऱ्यात टाकली आणि इंजिनाचा आवाज चढत गेला, पण गाडी काही पुढे सरकेना. आर.पी.एम.चा काटा तीन हजारांच्या पलीकडे आणि वेगाचा काटा पंधराच्या खाली, असे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मग जळका वास आला, आणि मागून मुलीने तो आपल्याच गाडीचा आहे का, असे विचारले. क्लच पूर्ण स्लिप मारत होता, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचतच नव्हती. कशीबशी डाव्या बाजूला घेतली, तर हँडब्रेकही चढावर धरेना. मागून येणाऱ्या एका टेम्पोचा क्लीनर काही न विचारता खाली उतरला, त्याने रस्त्याकडेचे दोन दगड मागच्या चाकांखाली लावले आणि तो तसाच निघून गेला.

चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन कठड्यावर अडीच तास बसली होती. दोन हातांवरून ट्रक जात होते. दादाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘घाटात पहिल्यावरच घ्यायची होतीस. इंजिन चालू आहे ना?’ इंजिन चालू होते. अगदी सुरेल चालू होते. गाडी जागची हलत नव्हती, एवढेच. क्रेनवाल्याने साडेचार हजार घेतले, क्लच आणि प्रेशर प्लेट बदलायला १३,९०० लागले, आणि त्या रात्री वहीतली बेरीज क्रेन धरून ६४,९०० झाली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये गाडी दिली तेव्हा तिचे १ लाख ४० हजार आले, म्हणजे किमतीतले ६५ हजार गेले ते वेगळेच. इंजिन न उघडल्याचे हे कौतुक आम्हाला जवळपास १ लाख ३० हजारांना पडले.

तुमच्या काकांना एवढेच सांगा, की इंजिन म्हणजे गाडी नव्हे. नीट ऑइल बदललेले डिझेल इंजिन तीन लाख किलोमीटरही जाऊ शकते, पण त्याच्या भोवतीचे रबर, प्लास्टिक, वायरिंग आणि बेअरिंग त्याच वयाचे असतात आणि ते ओळीने, एकामागून एक मान टाकतात. शिवाय मेकॅनिकचे ४० हजार हे आज दिसणाऱ्या कामाचे आहेत. त्या खर्चाने गाडीची विक्रीची किंमत ४० हजारांनी वाढत नाही, चार हजारांनीही वाढत नाही. आणि आधी इतके घातलेच आहेत तर आता कशाला विकायची, हा विचार मनात आला, तर तो आला त्याच आठवड्यात विकावी.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे, आणि तिच्यावर दादाकडे आजही उत्तर नाही. आमच्या जुन्या गाडीत एकही एअरबॅग नव्हती, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हते आणि मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा होता. त्याच जागेवर माझी मुलगी बसायची. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले तेच मुळी २०१९ मध्ये. आजच्या मारुती डिझायर आणि होंडा अमेझमध्ये सहा एअरबॅग खालच्या व्हेरिएंटपासून मिळतात आणि डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले आहेत.

आता सेदानच का. दादाचा आग्रह उंच गाडीचा होता, कारण आईला खाली बसता येणार नाही, असे त्याने परस्पर ठरवले होते. मी आईलाच शोरूममध्ये नेले आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांत तिला तीन-तीन वेळा चढायला-उतरायला लावले. सेल्समन कंटाळला, पण निकाल लागला. उंच गाडीत चढताना तिला दुखरा गुडघा उचलून आत घ्यावा लागत होता आणि दर वेळी ती दाराला लटकत होती. सेदानमध्ये आधी बूड टेकून मग पाय आत घेता येत होते. उतरताना मात्र सेदानमधून उठायला तिला माझा हात लागला, हे लपवत नाही. तुमच्या आई-वडिलांचे गुडघे वेगळे असतील, म्हणून त्यांनाच घेऊन जा, काकांना नव्हे.

डिकीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी सेदानची शेपटी कापायला सुरुवात केली. पहिल्या स्विफ्ट डिझायरची डिकी ४४० लिटरची होती, २०१२ मध्ये चार मीटरच्या आत आल्यावर ती ३१६ लिटरची झाली आणि आताच्या मॉडेलमध्ये ३८२ लिटरपर्यंत सावरली आहे. ह्युंदाई ऑरा ४०२ आणि अमेझ ४१६ लिटरची आहे. आईचा वॉकर, दोन बॅगा आणि कराडहून येणारी तांदळाची गोणी एकत्र बसवून पाहिल्यावर मी अमेझ घेतली. तिचे इंजिन चार सिलिंडरचे आहे, हेही एक कारण होते. नव्या डिझायरचे तीन सिलिंडरचे इंजिन ॲव्हरेजला अधिक चांगले आहे, पण गाडी उभी असताना मला त्याची थरथर जाणवली. कदाचित इतकी वर्षे डिझेल चालवलेल्या माणसाने थरथरीबद्दल बोलू नये.

पैशांच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात. मी घेतली तेव्हा अशा पेट्रोल गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के लागत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते १८ टक्के झाले आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, की आठ महिने थांबला असतास तर. त्याला उत्तर दिले नाही. आरटीओचा कर मात्र धरून चाला. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. जुन्या विम्यात क्लेम केलेले नसतील, तर नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि तो नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असे नाही.

हे सर्व माझ्या वापरावरून लिहिले आहे. माझे रनिंग वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर आहे. तुमचे महिन्याला दोन हजार असेल, तर सीएनजीचा विचार करा, पण टाकी डिकीत बसते आणि वरचा तांदळाच्या गोणीचा सगळा युक्तिवाद बाद होतो. टाटा टिगोरमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवून थोडी जागा वाचवली आहे, ती प्रत्यक्ष पाहा. त्याच बजेटमध्ये चार-पाच वर्षांची जुनी होंडा सिटी किंवा मारुती सियाझही मिळेल, आणि दोन्ही या लहान सेदानपेक्षा कितीतरी प्रशस्त आहेत. मात्र मीटरवर ३५ हजार आणि ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले दिसले, तर मीटर मागे फिरवलेले समजा आणि चहासुद्धा न घेता निघा.

जुनी गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून घ्या, आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. मी विसरलो. गाडी देऊन बारा दिवस झाले होते, आणि सकाळी सव्वासातला आनेवाडी टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला. मी चिडून दादाला फोन केला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, ‘आनेवाडी म्हणजे खंबाटकी चढून पुढे. बघ, चढली की नाही?’

टॅग मी त्याच दुपारी बंद केला.