इझी मोड लावला तरी अडकतोच, काय करू?

प्रश्न: माझ्या बोटांच्या सांध्यांना त्रास आहे. एकट्याने खेळायचे, स्टोरी असलेले गेम फार आवडतात, पण एखादं बटण पटापट दाबत राहायचा सीन आला की माझं घोडं तिथेच अडतं. इझी मोड लावला तर शत्रू इतके लेचेपेचे होतात की मजा जाते आणि बटणाचा त्रास आहे तसाच राहतो. मित्र म्हणतात असले ऑप्शन वापरणं म्हणजे चीटिंग.

उत्तर: चीटिंगचं आधी डोक्यातून काढून टाका. तुम्ही एकटे खेळताय, समोर दुसरा खेळाडूच नाही तर फसवणार कोणाला?

आता मुख्य मुद्दा. इझी मोड शत्रूचा जोर कमी करतो, तुमच्या बोटांवरचा ताण नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे डिफिकल्टी तुम्हाला आवडते तीच ठेवा, अगदी हार्डसुद्धा, आणि सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा कंट्रोल्स उघडा, तिथे बऱ्याच गेममध्ये पटापट दाबण्याऐवजी बटण नुसतं धरून ठेवायचा ऑप्शन असतो, आणि नेम धरायला किंवा पळायला बटण धरूनच ठेवावं लागत असेल तर त्याला टॉगल करता येतं, म्हणजे एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' मध्ये अशी ६० च्या वर सेटिंग्ज आहेत आणि डिफिकल्टीचेही तुकडे केलेत, शत्रू कडक ठेवून बंदुकीच्या गोळ्या आणि औषधं मात्र जास्त मिळतील असं करता येतं. दृष्टी नसलेल्या लोकांनी तो गेम शेवटपर्यंत खेळलाय हो!

'सेलेस्ट' (२०१८) हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम पण बघा. त्यातल्या असिस्ट मोडमध्ये, म्हणजे मदतीच्या सेटिंग्जमध्ये, गेमचा स्पीड ५०% पर्यंत उतरवता येतो. काटे तिथेच, दरी तेवढीच, हवेत डॅश (झटक्यात घेतलेली झेप) कुठल्या दिशेने मारायचा हे तुम्हालाच ठरवायचंय, फक्त बोटाला तिथे पोचायला दुप्पट वेळ मिळतो. यात कोणाचं काय बिघडलं मला खरंच कळत नाही.

'सेकिरो' (२०१९) सारख्या गेममध्ये डिफिकल्टी निवडताच येत नाही, सगळ्यांना एकच आव्हान असं त्यामागचं म्हणणं. आव्हान अवघड ठेवायला माझी काहीच हरकत नाही, पण दुखऱ्या बोटांना तोच गेम इतरांपेक्षा कितीतरी अवघड जातो, मग आव्हान एकच राहिलं कुठे?

सेटिंग्जनी भागलं नाही तर हाता-बोटांचा त्रास असलेल्यांसाठी २०१८ ला आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे, त्याला दोन मोठी बटणं असतात आणि मागे वेगळे स्विच जोडता येतात, पायाने दाबायचे पेडलसुद्धा.

प्रश्न: सबटायटल बारीक असतात, वाचताच येत नाहीत. गेम घेण्याआधी हे कसं कळणार?

उत्तर: सेटिंग्जच्या मेनूचे व्हिडिओ बघा, बहुतेक मोठ्या गेमचे मिळतात. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) घेत असाल तर गेम सुरू करून आधी ऑप्शनच उघडा आणि अक्षराचा साइज बदलता येतो का बघा, नसेल जमत तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी असताना रिफंड मागा.