ओअर सॉर्टिंग एवढं फायद्याचं असेल, तर सगळ्याच खाणी ते का वापरत नाहीत?

दळण्याआधीच निकामी दगड बाजूला काढणारी यंत्रं बाजारात असताना खाणवाले ती घेत का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी खनिज प्रक्रियेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी तुमसरकडचा. आमच्या तालुक्यात राईस मिल आहेत आणि डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या मँगनीज खाणीही आहेत. मिलमधलं सॉर्टेक्स तुम्हाला तांदळाच्या पोत्यावरच्या छापामुळे माहीत असेल. तांदूळ घसरत खाली येतो, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेचा बारीक फवारा त्याला उडवतो. शेजारी उभं राहिलं की नुसती तडतड ऐकू येते. ओअर सॉर्टर म्हणजे हेच यंत्र, फक्त दाण्याच्या जागी मुठीएवढा दगड. खाणीवर मात्र मी लहानपणी बायकांना ढिगाशी बसून हातोडीने दगड फोडताना पाहिलंय. दगड तळहातावर किंचित उचलायचा, जड लागला तर टोपलीत, हलका लागला तर मागे.

यंत्राचा 'तळहात' बहुतेक वेळा क्ष-किरणांचा असतो. जड मूलद्रव्यं किरण जास्त अडवतात, हलकी सोडून देतात. ऑस्ट्रियातल्या मिटरसिलच्या टंगस्टन खाणीत हे वर्षानुवर्षं चाललंय, कारण टंगस्टन क्ष-किरणांना चांगलंच अडवतं. बोट्स्वानातल्या कारोवे हिऱ्यांच्या खाणीत तत्त्व तेच, पण उलट बाजूने. हिरा म्हणजे कार्बन, तो किरणांना जवळपास अडवतच नाही. पूर्वी मोठे हिरे क्रशरमध्येच फुटायचे. यंत्र बसल्यावर २०१५ मध्ये १,१०९ कॅरेटचा, २०१९ मध्ये १,७५८ कॅरेटचा आणि २०२४ मध्ये २,४९२ कॅरेटचा हिरा मिळाला. पहिला पुढे ५.३ कोटी डॉलरला विकला गेला. तिथे यंत्र घ्यावं की नाही, यावर कोण कशाला बैठका घेईल?

तांब्या-सोन्यात हिशेब इतका सरळ नाही. समजा, १ टक्का तांब्याचा १०० टन दगड आला. सॉर्टरने त्यातला ३० टन फेकला आणि त्या फेकलेल्या दगडात ०.१ टक्का तांबं होतं. उरलेल्या ७० टनांत तांबं जवळपास १.३९ टक्के झालं. दळायला ३० टन कमी, म्हणजे वीज, पाणी आणि दळून उरलेला, बांध घालून साठवायचा गाळ, सगळंच कमी. खाणीच्या विजेतला मोठा वाटा दळण्यातच जातो, हे लक्षात घ्या. पण एकूण तांब्यातलं ३ टक्के गेलं, आणि प्लांटच्या साहेबाला विचारलं जातं ते फक्त रिकव्हरीबद्दल, म्हणजे दगडातलं किती तांबं हाती आलं याबद्दल. वीजबिल दुसऱ्याच्या टेबलावर येतं. माझ्या मते अडतं मुख्यतः इथेच.

बाकीच्या अडचणीही खऱ्या आहेत. साधारण १० मिलिमीटरच्या खालचा चुरा एकेक करून तपासणं परवडत नाही. दगड आकारानुसार चाळून घ्यावे लागतात. मोठ्या तांब्याच्या खाणीत दिवसाला लाखभर टन दळलं जातं, तर एक सॉर्टर तासाला फार तर काहीशे टन हाताळतो. म्हणजे यंत्रांची रांगच लावावी लागते. शिवाय प्रत्येक खाणीचा दगड वेगळा. आमच्याकडचंच घ्या. मँगनीजबरोबर गोंडाइट नावाचा कमी कसाचा दगड सापडतो (गोंड लोकांवरून पडलेलं नाव). त्यातल्या गार्नेट या खनिजामध्येच मँगनीज असतं आणि तो जडही असतो. तिथे नुसत्या वजनावर किंवा क्ष-किरणांवर भरवसा ठेवला तर फसायला होतं.

फजितीही सांगतो. एका खाणीसाठी, नाव नको, आम्ही रंग ओळखणाऱ्या यंत्राची चाचणी केली. वरून निरोप आला, दगड निवडून, धुऊन पाठवा. निकाल झकास आला, कौतुक झालं, यंत्र आलं. जुलैत पट्ट्यावर आला तो चिखलाने माखलेला माल, आणि कॅमेऱ्याला सगळेच दगड एकसारखे तांबूस. धुण्याची सोय प्रस्तावात कोणी धरलीच नव्हती. दिवाळीपर्यंत यंत्रावर ताडपत्री. त्या खाणीत पुढे कुणी 'सॉर्टर' हा शब्द काढला की लोक हसायचे. खरं तर यंत्राचा काही दोष नव्हता.

तुमची किंवा ओळखीच्या कुणाची खाण असेल, तर यंत्रवाल्याला फोन करण्याआधी एक करा. क्रशरनंतरच्या पट्ट्यावरून, न निवडता, मुठीएवढे शंभर दगड उचला. प्रत्येकाची प्रयोगशाळेत वेगवेगळी तपासणी करून घ्या. खर्च होईल, कुरकुर होईल, एकत्र दळून एकच आकडा द्यायचा आग्रह होईल, तो मानू नका. शंभरात तीस-चाळीस दगड जवळजवळ कोरे निघाले तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. सगळ्यांत थोडं थोडं धातू निघालं, तर ते पैसे चांगल्या चाळणीवर घाला.