पिकअपमागे जनरेटरची ट्रॉली लावली की कसारा घाटात गाडी दम टाकते. इंजिनाची ताकद वाढवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून कार्यक्रमांना जनरेटर भाड्याने देता. अडीच लिटरची, ७५ हॉर्सपॉवरची टर्बो डिझेल पिकअप आहे. मागे १,३०० किलोची दोनचाकी ट्रॉली, हौद्यात केबल आणि सामान, वर दोन माणसं, सगळं मिळून ४ टन. नाशिकला जाताना कसाऱ्यात वेग २० च्या वर जात नाही, टेंपरेचरचा काटा लालकडे सरकतो आणि गॅरेजवाला म्हणतोय, रिमॅप करा (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदला), शंभर हॉर्सपॉवर मिळतील.

रिमॅप करू नका. आधी हिशेब बघा. चढ सहा टक्के धरला, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर, तर ४ टन वजन ताशी ३० किमीने वर न्यायला सुमारे २० किलोवॉट लागतात. टायर लोळवायला आणखी पाचेक. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट धरली तरी चाळीस हॉर्सपॉवरच्या आत काम होतं. वळणावरचा उभा तुकडा थोडं जास्त मागेल, पण तुमच्याकडे ७५ आहेत. इगतपुरीची उंची सुमारे ६०० मीटर. तिथे हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते, पण ती घट टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, भरून काढतो. म्हणजे ताकद कमी नाही, ती वाटेत कुठेतरी गळतेय.

रिमॅपमध्ये डिझेल आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवतात. शहरात पूर्ण ॲक्सिलरेटर दोन-चार सेकंद दाबला जातो, घाटात सलग दहा-पंधरा मिनिटं. ती जास्तीची उष्णता टर्बोतून आणि त्याच रेडिएटरमधून बाहेर पडायची, ज्याला आत्ताचीच झेपत नाहीये. बीएस ६ गाडीत काजळी वाढून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो तो वेगळा. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

गळती शोधताना पहिला संशय क्लचवर घ्या. चढावर आरपीएम वाढतोय आणि वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट संपलीय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जाळाल.

मग एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून टाका. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन या जाड रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडा आणि दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. क्लिपजवळ फेस फुगला की तिथून बूस्ट जातोय. बहुतेकदा साध्या क्लिपवर भागतं. नंतर ब्रेक न दाबता पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या आणि ट्रॉलीच्या हबजवळ हात धरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेकचा लायनर चिकटून चालतोय, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबूनच घाट चढताय.

टायर बदलले असतील तर साइज बघा. २१५/७५ आर १५ च्या जागी 'दणकट दिसतात' म्हणून २३५/७५ आर १५ बसवले की चाकाचा व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो. तेवढ्यानेच प्रत्येक गिअरमधली ओढ चार टक्क्यांनी घटते.

आता काटा लालकडे का जातो ते. रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसतो, म्हणून कोणी बघत नाही. खरी घाण त्याच्या आणि पुढच्या एसी कंडेन्सरच्या मधल्या बोटभर फटीत असते: किडे, कापूस, चिखलाची पापडी. टॉर्च लावून वरून डोकावा, दिसेल. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि कमी दाबाने मारा. सर्व्हिसिंगचा प्रेशर जेट जवळून धरला की पत्र्याच्या पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

फॅन व्हिस्कस कपलिंगचा (तापल्यावर आतल्या सिलिकॉन तेलामुळे फॅनला घट्ट धरणारा जोड) असेल तर इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, किल्ली काढा आणि फॅन हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. भिरभिऱ्यासारखा फिरला तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलंय, आणि चढावर कमी वेगात हवा ओढणारं दुसरं काही नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं ठेवा. बोअरचं पाणी घातलं असेल तर आत क्षार धरलेले असणार, फ्लश करून घ्या. रेडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून दुर्लक्षित राहतं. त्याचा स्प्रिंग आणि रबर सिस्टीममध्ये दाब टिकवतात, म्हणून कूलंट सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण सैल पडलं की तेच कूलंट ११० च्या आतच उकळायला लागतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. 'थर्मोस्टॅट काढून टाका, थंड राहील' हा सल्ला ऐकू नका. त्याने सपाट रस्त्यावर इंजिन गार राहतं, जास्त डिझेल पितं, आणि घाटातला मूळ दोष तसाच राहतो.

चालवताना चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा. चौथ्यात १,२०० आरपीएमवर कण्हत नेण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्यात १,८०० ते २,३०० वर न्या. वॉटर पंप आणि फॅन इंजिनाच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे खालच्या गिअरमध्ये कूलिंगही वाढतं. काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. मे महिन्यात हे नको वाटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. चाकाखाली लाकडी ठोकळा लावा आणि त्याला दोरी बांधा, म्हणजे निघताना उचलला जातो. घाटात दगड लावून तसेच सोडून जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

ट्रॉलीचं वजन कसं बसलंय हे कोणीच मोजत नाही. कुठल्याही वजनकाट्यावर तीन वजनं घ्या: ट्रॉली सोडून पिकअप, जोडलेली पण ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून पिकअप, आणि सगळं एकत्र. पहिल्या दोन्हींतला फरक म्हणजे हुकवरचा भार. तो ट्रॉलीच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, तुमच्याकडे १३० किलो. कमी असेल तर साठच्या वेगातच ट्रॉली शेपूट हलवते, फार असेल तर पिकअपचं पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग सैल लागतं. जनरेटरमध्ये इंजिनाची बाजू जड असते, ती पुढे घ्या आणि जनरेटर सेट आणखी थोडा सरकवून भार जुळवा. नुसते स्प्रिंगचे पाटे वाढवून मागची बाजू उचलली तर गाडी दिसायला सरळ होते, एक्सलची क्षमता वाढत नाही. हुक बंपरला नको, चेसिसच्या लांब पट्ट्यांना ८.८ किंवा वरच्या ग्रेडच्या बोल्टने हवा. चेसिसला वेल्डिंग मारू देऊ नका, शेजारचा पत्रा तापून कमजोर होतो आणि तिथूनच तडा जातो. आणि मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढायचं वजन दिलेलंच नसेल, तर तुमची गाडी त्यासाठी बनवलेली नाही असं समजा. मग सेट हौद्यात घालून ट्रॉली घरी ठेवणं बरं, अर्थात मंजूर वजनात बसत असेल तर.

तुम्ही फक्त चढाबद्दल विचारलंय. मला काळजी परतीची आहे. तीच ४ टनांची गाडी त्याच उतारावर ३० च्या वेगात धरून ठेवायची तर सतत १५ किलोवॉट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. बाथरूमचे ३ किलोवॉटचे पाच गिझर एकदम चालू केल्यासारखं. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी ड्रम आणि डिस्कमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ठाण्याच्या दमट हवेत ते सोपंच आहे. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० ला. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. कंपनीची मुभा असेल तर डॉट ४ घाला.

साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात तो नियमच आहे. सोपा प्रकार ओव्हररन ब्रेकचा: पिकअप मंदावली की ट्रॉली पुढे ढकलते, दांडी आत सरकते आणि केबल ड्रम आवळते. यात गोम अशी की लांब उतारावर दांडी आत दबलेलीच राहते आणि लायनर सतत घासतात. म्हणून घाट उतरल्यावर ट्रॉलीचे दोन्ही ड्रम तपासा. एक कढत आणि एक गार असेल तर ॲडजस्टमेंट बिघडलीय. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीचं बेअरिंग ग्रीसही पावसाळ्यानंतर बदला. टायर झिजलेले नसतात, पण बाजूने तडकतात. टायरवरच्या चार आकड्यांत तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक हलका दाबून धरू नका. एकदा चांगला दाबा, वेग आठ-दहाने पाडा, पूर्ण सोडा, ड्रमना श्वास घेऊ द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचा हिशेबच चुकतो: गिअरमध्ये पाय उचलला की हे इंजिन डिझेल पूर्ण तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पितच राहतं.

जुन्नर-ओतूरकडची कामं माळशेजने करत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॉली नेऊ नका. एकाच रस्त्यावर दोन्हीकडची वाहतूक, धुकं, दरडी, आणि ओल्या वळणावर ब्रेक दाबला की ट्रॉली पिकअपला मागून वळवते. त्या दिवसांत सेट वेगळ्या ट्रकमध्ये चढवून पाठवा.