मेळघाटात हिंदी-मराठी बहुतेकांना येते, तरी कोरकू ही इथल्या कोरकू आदिवासींची भाषा टिकून कशी आहे? आणि पुढे टिकेल का?

कोणत्या कामाला कोणती भाषा, याची वाटणी झालेली आहे म्हणून टिकून आहे, असे माझे मत आहे. मी मूळचा परतवाड्याकडचा, घरची बोली वऱ्हाडी. चिखलदरा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत बरीच वर्षे शिकवले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

धारणीच्या आठवडी बाजारात उभे राहिले की ही वाटणी कानांनी ऐकू येते. मिरचीच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या दोन कोरकू बाया दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करतात, महाग वाटले तर एकमेकींकडे वळून कोरकूत ठरवतात आणि पुन्हा हिंदीत भाव पाडून मागतात. पैशांचा आकडा मात्र दोन्हीकडे हिंदीच असतो. मराठी येते ती शाळा, तलाठी आणि दवाखाना यांच्यासोबत. शेत, लग्न, भूमकाकडचे (गावच्या पुजाऱ्याकडचे) विधी आणि होळीची गाणी ही सगळी कोरकूची हद्द. गावातले गवळी आणि बलई शेजारीही कामापुरती कोरकू बोलतात, आणि शेजाऱ्याने शिकावी लागते इतके वजन गावात अजून या भाषेला आहे, हे मला बोलणाऱ्यांच्या संख्येहून महत्त्वाचे वाटते.

संख्या तशी लहान नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा नोंदवली आणि त्यांतले बहुसंख्य मध्य प्रदेशातले होते. मुंडा या आदिवासी भाषांच्या गटातली ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. तिची जवळची भावंडे थेट झारखंड-ओडिशाकडे. पण निव्वळ संख्येवर विसंबू नये, कारण बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली नावाची जी भाषा आहे, तिच्यावर कोरकूनेच मोठ्या भाषेसारखे आक्रमण केलेले आहे. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी 1962 मध्ये दाखवले की निहालीचे जवळपास एक चतुर्थांश शब्द कोणत्याच ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाहीत. उरलेल्यांत कोरकूचा भरणा मोठा आहे. मेळघाटातल्या कित्येक निहाल कुटुंबांची घरची भाषा आज कोरकूच आहे. दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांची भाषा जनगणना स्वतंत्रपणे छापत नाही, त्यामुळे निहालीचा आकडा तिथे सापडणारही नाही.

तरीही नुसती दुसरी भाषा येणे हा धोका नव्हे. कोरकू माणूस पिढ्यान्‌पिढ्या दुभाषी आहे. आईबाप आपापसांत कोरकू बोलतात आणि लेकरांशी मुद्दाम हिंदी किंवा मराठी बोलू लागतात, तिथे खरा धोका सुरू होतो. डोंगरातल्या गावांत मला हे फारसे दिसले नाही. व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसवलेल्या गावांत मात्र ते दिसू लागले आहे. तिथे शेजारी वऱ्हाडी बोलणारे, मजुरी त्यांच्याच शेतात आणि गोट्या खेळताना पोरांची भांडणेसुद्धा वऱ्हाडीत. जंगलातली वाटणी तिथे लागू पडत नाही, कारण कोरकूच्या वाट्याला घराच्या भिंतींबाहेर काही उरतच नाही.

पुढे टिकेल का, याचे उत्तर म्हणूनच गावागणिक वेगळे आहे. लिपीवर आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीवर (मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीवर) पुष्कळ बोलले जाते, ते चुकीचे नाही, पण कोरकू देवनागरीत लिहिता येते आणि लोक लिहितातही. मला निकड वाटते ती पहिली-दुसरीची. अंगणवाडीत सेविका गावातलीच असेल तर मूल मोकळेपणी बोलते आणि पहिलीच्या वर्गात मराठी पुस्तकासमोर तेच मूल गप्प होते. मग पालकांना वाटते की पोराला घरीच मराठी शिकवायला हवे होते. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 350अ सांगतो. त्याला धरून या दोन इयत्तांना कोरकू जाणणारा शिक्षक मिळावा, निदान नव्या शिक्षकाला रुजू होताना काही महिने कोरकू शिकवावी, आणि याची सुरुवात सपाटीवरच्या पुनर्वसित गावांपासून व्हावी.